‘वयच झालंय’ म्हणण्याआधी : उतारवयातल्या नजरेबद्दलचे गैरसमज

साठी उलटलेल्या माणसाने ‘हल्ली नीट दिसत नाही’ म्हटलं की घरातून ठरलेलं उत्तर येतं : वय झालं, चालायचंच. या उत्तराने दुहेरी नुकसान होतं. बरा होणारा आजार तपासायचा राहतो, आणि जो बरा होणार नाही त्याच्यासह नीट जगण्याची तयारीही राहून जाते. म्हणून घरोघरी ऐकू येणारे काही समज इथे तपासून पाहू.

गैरसमज : म्हातारपणी दिसायचं कमी होतंच, डॉक्टरांना काय दाखवायचं?

वस्तुस्थिती : चाळिशी लागते ती खरोखरच वयामुळे. डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं धूसर दिसतं आणि चष्मा लावला की प्रश्न मिटतो. पण योग्य नंबरचा चष्मा लावूनही अंधुकच दिसत असेल, तर कारण शोधायलाच हवं. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचं आढळलं. म्हणजे त्यातलं बरंचसं शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगं होतं. बाकीच्या कारणांत काचबिंदू, मधुमेहाने पडद्याला होणारी इजा आणि पडद्याच्या मध्यभागाची झीज येते. प्रत्येकाचा उपचार वेगळा आणि घाईही वेगळी.

गैरसमज : मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही.

वस्तुस्थिती : एके काळी या सल्ल्याला अर्थ होता. तेव्हा अख्खं भिंग काढून टाकत आणि नंतर जाड काचांचा चष्मा आयुष्यभर वागवावा लागे. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. पिकून टणक झालेला मोतीबिंदू असा काढणं उलट अवघड जातं. फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून ठणकाही लागू शकतो. रोजच्या कामात अडू लागलं की शस्त्रक्रियेचा विचार करावा, हा आजचा निकष. मध किंवा गुलाबपाणी घालून मोतीबिंदू विरघळत नाही, जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तर तो ‘परत आलेला मोतीबिंदू’ नसतो. बहुधा भिंगामागचं पातळ आवरण गढूळ झालेलं असतं, आणि ते काही मिनिटांच्या लेसरने मोकळं करता येतं.

गैरसमज : काचबिंदू असता तर मला कळलं असतं.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त आढळणारा काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते आणि समोरचं बराच काळ शाबूत राहतं. माणूस पेपर व्यवस्थित वाचतो, पण दाराच्या चौकटीला त्याचा खांदा घासतो आणि बाजूने आलेली दुचाकी एकदम समोर उभी राहिल्यासारखी वाटते. गेलेली नजर परत मिळत नाही. थेंब असतात ते उरलेली राखण्यासाठी. ‘थेंबांनी काही फरकच पडत नाही’ म्हणून ते बंद करणं महागात पडतं, कारण फरक न पडणं हेच त्या औषधाचं यश असतं. घरात एकाला काचबिंदू निघाला की भावंडांनी आणि मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत.

गैरसमज : वाचन केलं, टीव्ही पाहिला की उरलीसुरली नजरही जाते.

वस्तुस्थिती : डोळे वापरल्याने थकतात, संपत नाहीत. खरी अडचण उजेडाची असते. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. त्यामुळे साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. छतावरची ट्यूब पुरत नाही ती यामुळे. टेबल लॅम्प खांद्याच्या बाजूने, थेट पानावर पडेल असा ठेवावा. लहान दिवा निम्म्या अंतरावर आणला की पानावरचा उजेड जवळपास चौपट होतो.

गैरसमज : पडद्याची झीज सुरू झाली, म्हणजे पुढे पूर्ण अंधार.

वस्तुस्थिती : या आजारात मधलं दिसणं जातं, आजूबाजूचं सहसा टिकतं. समोरच्या माणसाचा चेहरा पुसट होतो, पण त्याच्या खांद्यावरची पिशवी दिसते. यातूनच घरात गैरसमज वाढतात. ‘मला ओळखत नाहीत आणि जमिनीवर पडलेला शेंगदाणा बरा दिसतो!’ असं सून चिडून म्हणते. सासूबाई नाटक करत नसतात. शेंगदाणा नजरेच्या कडेला असतो, चेहरा मधोमध. अशा व्यक्तीला जरा बाजूला बघून पाहण्याचा सराव करता येतो आणि त्याने वाचनही सुधारू शकतं. खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या, तर मात्र थांबू नये. झिजेच्या ज्या प्रकारात नजर झपाट्याने जाते, त्याची ती खूण असू शकते, आणि वेळेत डोळ्यात इंजेक्शनं घेतली तर नुकसान आवरता येतं. तंबाखू ओढण्याने हा आजार वाढतो. गाजरं खाऊन तो मागे हटत नाही.

गैरसमज : नसलेली माणसं दिसतात, म्हणजे डोकं फिरलं किंवा बाहेरचं काही लागलं.

वस्तुस्थिती : नजर कमी झालेल्या काही जणांना फुलांची नक्षी, लहान मुलं, रांगेने चाललेली माणसं दिसतात. पडद्याकडून येणारी माहिती घटली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव नोंदवला आणि या अवस्थेला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ही चित्रं मुकी असतात, आणि ती खरी नाहीत हे पाहणाऱ्याला सहसा ठाऊक असतं. लोक वेडं ठरवतील या भीतीने वयस्कर माणसं हे बोलतच नाहीत. आपणहून विचारावं आणि डॉक्टरांना सांगावं. आवाजही ऐकू येत असतील किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर वेगळी तपासणी लागते.

गैरसमज : चष्म्याने दिसत नाही, म्हणजे उपाय संपले.

वस्तुस्थिती : दिसणं आणि न दिसणं यांच्यामध्ये मोठा पट्टा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो ‘अल्पदृष्टी’ म्हणून वेगळा नोंदला आहे. उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल, तर ती व्यक्ती त्यात येते. अशांसाठी हातातली भिंगं असतात, फोनचा कॅमेरा अक्षर मोठं करून दाखवतो, आणि फोन मराठी मजकूर वाचूनही दाखवतो. रिझर्व्ह बँकेचं २०२० मध्ये आलेलं ‘मनी’ हे अॅप नोट किती रुपयांची ते बोलून सांगतं. अॅपशिवायही काम भागतं : नव्या मालिकेतली शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. वीस रुपयांच्या नाण्याला बारा कडा आहेत.

घरातले बदल तर त्याहून स्वस्त. स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी आणि वर पांढरा भात, यात वेगळं काही उठून दिसत नाही. तोच भात गडद रंगाच्या ताटलीत वाढला की घास चुकत नाही. चहा पांढऱ्या कपात ओतावा, दूध गडद कपात. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवावी. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाला एक रबर बँड, मधुमेहाच्या पाकिटाला दोन. गॅसचं बटण बंद असताना कुठे येतं, तिथे नेलपॉलिशचा ठळक ठिपका द्यावा.

गैरसमज : आता त्यांना काही करू देऊ नका.

वस्तुस्थिती : ही माया असते, पण जाचक. कणीक मळणं, वाती वळणं, शेंगा सोलणं ही कामं हातांना पाठ असतात. ती काढून घेतली की माणूस कोपऱ्यात जाऊन बसतो आणि खचतो. त्यापेक्षा वस्तू ठरल्या जागी ठेवाव्यात आणि न सांगता हलवू नयेत. जवळ गेल्यावर ‘ओळखा पाहू’ म्हणू नये, आपलं नाव सांगावं. रस्त्यात त्यांचा हात धरून ओढू नये, आपलं कोपर पुढे करावं. पांढरी काठी फक्त पूर्ण न दिसणाऱ्यांची नसते, अल्पदृष्टीच्या माणसानेही ती लाजेखातर टाळू नये. स्कूटर मात्र डॉक्टरांनी सांगितलं की खरोखर सोडावी, तिथे हट्ट नको.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : यातलं काय बरं होईल, आणि जे होणार नाही त्यासाठी अल्पदृष्टीचं मार्गदर्शन कुठे मिळेल? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.