चार अटी तिच्यावर
समाजकार्यातली नीती : लेखांक ७

मागच्या लेखात आपण स्वयंनिर्णयाचा विचार केला. आपल्याकडे आलेल्या माणसाच्या आयुष्याचे निर्णय त्यानेच घ्यायचे, हे तत्त्व पाहिलं. त्याला लागूनच येणारा आणि जास्त अडचणीचा प्रश्न आज घेऊ. दोन्ही बाजू समोर बसलेल्या असताना समाजकार्यकर्त्याने तटस्थ राहायचं का?

फील्डवर्कच्या दिवसांतला एक कागद अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. एका समुपदेशन केंद्रात मी शिकाऊ होते. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेली एक बाई, तिचा नवरा, सासू आणि नवऱ्याचे मामा असे सगळे एकाच खोलीत बसले होते. दीड तास बोलणी झाली. मी दोघांचं ऐकून घेतलं, दोघांना समजावलं आणि माझ्या हाताने समझोता लिहिला. नवरा यापुढे हात उचलणार नाही. बायको सासूला उलट बोलणार नाही, स्वयंपाक वेळेवर करेल, न विचारता माहेरी जाणार नाही, फोनवर फार वेळ बोलणार नाही. सह्या झाल्या. रजिस्टरमधल्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘समझोता झाला’. एक संसार वाचवल्याचं समाधान घेऊन मी उठले.

संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षक ताईंनी तो कागद वाचला.

“मारहाणीची तक्रार कुणाची होती?”

“तिची.”

“मग चार अटी तिच्यावर कशा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या कागदाने मार आणि उलट उत्तर एकाच पारड्यात घातले होते. उद्या भाकरीला उशीर झाला, की करार तिनेच मोडला असं म्हणायची सोय मी त्याला माझ्या अक्षरात करून दिली होती. मी कुणाचीच बाजू घेतली नाही असं मला वाटत होतं. खोलीत दोन माणसं त्याची होती आणि तिचं कुणीच नव्हतं. अशा खोलीत मधोमध बसणाऱ्याचं वजन आपोआप जड बाजूलाच पडतं.

ही चूक एकट्या शिकाऊ मुलीची असती, तर तिच्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. ‘मिटवून टाका’, ‘थोडं तू सोस, थोडं तो बदलेल’, ‘मुलांकडे बघ’ ही आपल्याकडची रुळलेली भाषा आहे. पाहुण्यांच्या बैठकीत ती चालते, चौकीत चालते आणि समुपदेशनाच्या टेबलावरही सहज येऊन बसते. कायदा करणाऱ्यांना हा धोका दिसला होता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांतला चौदावा नियम समुपदेशनाविषयी आहे. हिंसेचं कोणतंही समर्थन प्रतिवादीला समुपदेशनात मांडता येणार नाही आणि ही गोष्ट त्याला सुरुवातीलाच सांगितली पाहिजे, असं तो नियम स्पष्ट म्हणतो. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी प्रतिवादीने द्यायची आहे. बाईकडून मात्र वेळेवर स्वयंपाकाची हमी घ्या, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

याच कायद्याच्या पाचव्या कलमाने आणखी एक कर्तव्य घालून दिलं आहे. तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिचे हक्क सांगायचे. संरक्षणाचा आदेश मागता येतो, मोफत कायदेशीर मदत मिळते, फौजदारी तक्रारही करता येते, हे तिला कळलं पाहिजे. राहत्या घरात राहण्याचा हक्क सतराव्या कलमाने दिला आहे. यातलं काहीही ठाऊक नसताना ती ‘मला नांदायला जायचंय’ म्हणाली, तर त्याला स्वयंनिर्णय कसा म्हणायचा? समोर एकच वाट दिसत असेल, तर माणूस तिच्यावरून चालतो एवढंच. सगळं समजल्यावरही ती परत जायचं म्हणाली, तर तो निर्णय तिचा आहे आणि आपण त्याचा मान राखायचा. बहुतेक जणींना मार थांबायला हवा असतो, घर मोडायला नको असतं. त्यांना घर सोडायला लावणं हेही आपलं काम नव्हे.

महाराष्ट्रात या विचाराला एक जुना आधार आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसू लागली. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं. यातलं मर्म मला फार मोलाचं वाटतं. बोलावणं पोलिसांच्या आवारातून गेलं, की न येणारा नवराही येतो. एरवी बाईला ज्या दाराची भीती वाटते, त्याच दाराचा वचक तिच्या बाजूने उभा राहतो. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येत सामाजिक न्याय हे मध्यवर्ती तत्त्व आहे. ते तत्त्व खोलीतल्या खुर्च्यांच्या मांडणीपर्यंत उतरवावं लागतं. कोण कुणाशेजारी बसणार, आधी कोण बोलणार, बाईशी एकटीशी बोलणं झालं आहे का, यातच न्याय होतो किंवा हुकतो.

म्हणून माझं म्हणणं असं : माणसांशी वागताना निःपक्षपाती राहा, हिंसेच्या बाबतीत राहू नका. नवऱ्याचं ऐकून घ्या, त्याचा अपमान करू नका, त्याचा ताण, त्याची बेकारी समजून घ्या. पण त्यातलं काहीही मारण्याचं कारण म्हणून कागदावर येऊ देऊ नका.

ताईंनी दुसऱ्या दिवशी त्या बाईला एकटीला बोलावलं. तिचे हक्क तिला सावकाश सांगितले आणि पुन्हा विचारलं. तिला घरीच जायचं होतं. मग नवऱ्याला बोलावून नवा कागद झाला. त्यात तिच्यावर एकही अट नव्हती. त्याच्यावर एकच होती, आणि ती मोडली तर पुढे काय होईल हेही लिहिलेलं होतं. शेवटी ताईंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. ‘समझोता झाला’ हे शब्द मी खोडले आणि त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं, ‘पाठपुरावा चालू. पहिली गृहभेट आठ दिवसांनी.’

(पुढील लेखांकात : गोपनीयता कुठवर?)