गंधवानी सहा वेळा

धार जिल्ह्यातल्या गंधवानीचं नाव संगणकावर देवनागरीत टाइप करा. ग, अनुस्वार, ध, व, काना, न, दुसरी वेलांटी. सात चिन्हं झाली. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे गावाच्या नावाला २१ बाइट. आता १९७७ साली बाजारात आलेलं अटारी २६०० हे व्हिडिओ गेमचं यंत्र घ्या. त्याची मेमरी १२८ बाइट. तिच्यात ‘गंधवानी’ सहा वेळा बसतं, तेही मध्ये जागा न सोडता. दोन बाइट उरतात आणि मेमरी संपते. खेळाडू कुठे उभा आहे, गोळी कुठवर पोचली, शत्रू किती उरले, ही सगळी नोंद त्या सहा गंधवानींच्या जागेत ठेवायची.

या यंत्रावर २०१० साली एड फ्राइज यांनी ‘हेलो’ आणला.

हेलो हा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरचा २००१ सालचा खेळ. त्या एक्सबॉक्सची मेमरी ६४ मेगाबाइट, म्हणजे अटारीच्या ५,२४,२८८ पट. फ्राइज त्या काळात मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचे प्रमुख होते आणि हेलो बनवणारी बंजी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००० साली घेतली ती त्यांच्याच कारकिर्दीत. ज्या माणसाने हा भव्य खेळ जगापुढे आणला, त्यानेच पुढे तो यंत्राच्या मेमरीबाहेर, कॅसेटीतल्या चार किलोबाइटांत पुन्हा लिहिला. चार किलोबाइट म्हणजे ४,०९६ बाइट. तेवढ्या जागेत ‘गंधवानी’ १९५ वेळा लिहून होतं आणि बरोबर एक बाइट शिल्लक राहतो. तुम्ही वाचताय तो हा लेख त्या जागेत अर्धाही मावणार नाही. फ्राइज यांनी मात्र तिथे ६४ पडदे, हिरव्या चिलखतातला नायक, शत्रू, शस्त्रं आणि शेवटची झुंज बसवली.

जुन्या खेळाला नवं रूप दिलं की त्याला रीमेक म्हणतात. ही उलटी वाट, तिला डीमेक म्हणतात. यातली खरी अडचण जागेपेक्षाही वेळेची आहे. अटारीच्या पडद्यावर साधारण १६० गुणिले १९२ ठिपके दिसतात, एकूण ३०,७२०. ठिपका काळा की पांढरा एवढंच साठवायचं म्हटलं तरी ३,८४० बाइट हवेत आणि ते यंत्राच्या १२८ बाइट मेमरीच्या बरोबर तीसपट होतात. म्हणजे चित्र साठवणंच अशक्य. मग प्रोग्राम काय करतो? टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक ओळ काढत असताना ती ओळ त्याच क्षणी ठरवतो. अमेरिकी टीव्हीवर एका चित्रात २६२ ओळी आणि सेकंदाला सुमारे ६० चित्रं, म्हणजे दर सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी. एका ओळीला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळतात. सगळ्यात लहान आज्ञेलाही दोन ठोके लागतात. म्हणून एका ओळीत फार तर ३८ आज्ञा. एक आज्ञा जास्त झाली की किरण पुढे निघून जातो आणि चित्र फाटतं.

मला हे काम ओवीसारखं वाटतं. साडेतीन चरणांत बसत नसेल तर शब्द बदलायचा, चरण वाढवायचा नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने २०१३ साली ‘हेलो २६००’ आपल्या संग्रहात घेतला, आणि तो मान त्याला शोभतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी ज्यांनी फुंकर मारून चालवल्या, त्यांना ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आठवत असेल. तो आख्खा खेळ ४०,९६० बाइटांचा. झीरोपेज या टोपणनावाच्या प्रोग्रामरने तो कमोडोर ६४ या त्याहून जुन्या, १९८२ सालच्या संगणकावर आणायला सात वर्षं घेतली. खेळ २०१९ साली पुरा झाला. मूळ खेळाच्या बाइटांना सात वर्षांच्या दिवसांनी भागलं तर रोजचे सोळा बाइट येतात. एका दिवसात ‘गंधवानी’ एकदाही पुरतं लिहून होत नाही, इतकं ते काम सावकाश आणि इतकी त्या माणसाची चिकाटी.

लिलिथ वॉल्थर यांची वाट वेगळी. ‘ब्लडबोर्न’ हा प्लेस्टेशन ४ वरचा २०१५ सालचा खेळ त्यांनी १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनच्या रूपात घडवला आणि ३१ जानेवारी २०२२ ला तो लोकांना दिला. तो चालतो मात्र आजच्या संगणकावर. जुन्या प्लेस्टेशनला ठिपक्याच्या अधल्यामधल्या जागा मोजता येत नसत, त्यामुळे भिंतींचे कोपरे थरथरत. आजच्या संगणकात ही उणीव नाही, म्हणून ती थरथर मुद्दाम शिकवावी लागते.

आता याच प्रवासाचं दुसरं टोक पाहा. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये सगळी पृथ्वी आहे, त्यामुळे गंधवानीवरूनही विमान नेता येतं. त्यामागचा नकाशांचा साठा दोन पेटाबाइटांहून मोठा. या खेळाचा पूर्वज, ब्रूस आर्टविक यांचा ॲपल-२ वरचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर, १६ किलोबाइट मेमरीत चालायचा आणि त्याची दुनिया ३६ चौकोनांची होती. दोन्हींत बारा हजार कोटींहून जास्त पटींचं अंतर आहे. ते १६ किलोबाइट म्हणजे तीन मिलिमीटरचा ज्वारीचा एक दाणा धरला, तर दोन पेटाबाइटांच्या दाण्यांची ओळ साडेतीन लाख किलोमीटरांच्या पुढे जाते, जवळजवळ चंद्राला टेकते.

चार जीबीचा साधा फोन घ्या. त्याच्या मेमरीत ३,३५,५४,४३२ अटारी मावतात. म्हणजे गंधवानीच्या हाटात भाजीवाल्याच्या खिशात असा फोन असेल, तर साधनांची टंचाई आता कुणाला उरलेली नाही. उरतो तो प्रश्न काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा, आणि तो मेमरी वाढवून सुटत नाही.

मराठा संस्थानिक पवारांबरोबर आलेली मराठी धार-देवासच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्या घरांतल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. जोसेफ व्हाइट यांचं पिको-८ नावाचं काल्पनिक यंत्र संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा. त्याची शैक्षणिक आवृत्ती मोफत आहे. १२८ गुणिले १२८ ठिपके, १६ रंग, आवाजाच्या चार वाटा, आणि खेळाला ३२ किलोबाइट. होळीआधीच्या आठवड्यात धार-झाबुआच्या पट्ट्यात भगोरियाचे हाट भरतात, तेवढा एक हाट त्यात बसवा. आवाजाची एक वाट मांदळ या ढोलाला द्या. बाकी तीन वाटा, सोळा रंग आणि कुणाला हाटाबाहेर ठेवायचं ते तुम्ही ठरवा. खेळ तयार झाला की पहिल्यांदा गंधवानीतच कुणाच्या तरी हातात द्या.