केळझर : टेकडीवरचा गणपती आणि पायथ्याचा रस्ता

नागपूरहून बुटीबोरीमार्गे वर्ध्याकडे निघालं की सुमारे ५० किलोमीटरवर केळझर लागतं. सेलू तालुक्यातलं हे गाव. उत्तरेला बोर अभयारण्याचं जंगल आणि टेकड्या, दक्षिणेकडे कपाशी-तुरीची काळी शिवारं. टेकडीवर सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये नागपूरचा टेकडी गणपती, आदासा, रामटेक यांच्यासोबत केळझरचं नाव घेतलं जातं.

गावकऱ्यांच्या श्रद्धेप्रमाणे महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. आदिपर्वातली कथा घराघरांत माहीत आहे: लाक्षागृहातून वाचलेले पांडव कुंतीसह एका ब्राह्मणाकडे राहिले, आणि गाडाभर अन्न नि एक माणूस असा रोजचा वाटा मागणाऱ्या बकासुराला भीमाने मारलं. इथल्या गणपतीची स्थापनाही पांडवांनीच केली, असं सांगतात. इंग्रजी अमलातल्या गॅझेटिअरनेही चक्रनगर या जुन्या नावासकट ही दंतकथा नोंदवून ठेवली.

अर्थात हा मान एकट्या केळझरचा नाही. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल पांडववाडा दाखवून तोच दावा करतं; बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात तर एकचक्रा नावाचं गावच आहे. पुराव्याने हा वाद मिटणं कठीण.

केळझरचा हाती लागणारा इतिहास टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या अवशेषांत आणि पायथ्याच्या रस्त्यात आहे. नागपूरहून मुंबईकडे जाणारा जुना हमरस्ता इथूनच जायचा. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. ती केळझरला बाजूला ठेवून सिंदीवरून गेली. सिंदीच्या नावाला ‘रेल्वे’ कायमचं चिकटलं. केळझर मात्र हमरस्त्यावरचंच गाव राहिलं.

आता नागपूर-तुळजापूर महामार्ग इथून जातो. वाहनं वाढली, पण थांबणाऱ्यांपैकी बहुतेक जण दर्शन घेऊन लगेच उतरतात. किल्ल्याच्या त्या जुन्या दगडांची नीट मोजणी आणि छायाचित्रांसह नोंद व्हायला हवी. कथा कोणती आणि अवशेष कोणते, हे सांगणारा मराठी फलकही मंदिराच्या वाटेवर हवा. हे काम जिल्हा प्रशासनाने आणि विद्यापीठांच्या पुरातत्त्व विभागांनी मिळून हाती घ्यावं.