दात गेले, तरी चणे सोडू नका

“दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,” ही म्हण आपण गमतीनं म्हणतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटात मात्र ती गंमत राहत नाही.

दात पडले की सासूबाई आधी शेंगदाणे सोडतात, मग उसळ, कोशिंबीर, मटण. शेवटी उरतो चहा-बिस्किट आणि मऊ भात. “वय झालं, आता भूक नाही,” असं त्या म्हणतात आणि आपण मान डोलावतो. पुष्कळदा भूक असते. चावता येत नाही आणि चारचौघांत घास घोळवत बसायची लाज वाटते. बांगड्या सैल झाल्या, पोलकं ढगळ झालं, तर ते नुसतं वय समजू नका. 50 किलोची बाई सहा महिन्यांत 47 वर आली, तर डॉक्टरांना दाखवा.

म्हातारपणी काम कमी होतं, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. ती मिळाली नाहीत तर स्नायू लवकर झिजतात, तोल जातो, जखम भरायला वेळ लागतो. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा: जेवण मऊ करा, पाणीदार करू नका. भाताची नुसती पेज देण्यापेक्षा मुगाची घट्ट खिचडी द्या, वर चमचाभर तूप. भाकरी चहात नको, दुधात किंवा आमटीत कुस्करा. मटकीला मोड आणा, मऊ शिजवा, घोटा. पालेभाजी कोवळी घ्या, डाळ आणि शेंगदाण्याचं बारीक कूट घालून पातळभाजी करा. अंड्याची मऊ भुर्जी, दही, नाचणीची आंबील, पिकलेली पपई, केळं, हे सगळं दातांवाचून खाता येतं. गाजर किसून वाफवा. जेवणावर लिंबू पिळा. चहा मात्र जेवणानंतर तासाभरानं द्या, कारण चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. मधुमेह असेल तर खिरी-शिऱ्यावर भर नको. खाताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता कवळीबद्दल. पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील अशी दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली कवळी बनवतात. माप, चावा, बसवून पाहणं, यासाठी अनेक खेपा लागतात. पहिल्याच दिवशी खर्च आणि सगळ्या तारखा विचारून घ्या, म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब लागेल. 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना शिबिरांतून मिळणाऱ्या साधनांत कवळीही आहे. शिबिराची चौकशी ग्रामपंचायतीत करा.

नवी कवळी सुरुवातीला परकी वाटते. छोटे घास घ्यावेत, दोन्ही बाजूंनी चावावं. टोचली तर घरी कानशीनं घासू नका आणि डबीतही टाकून ठेवू नका. डॉक्टरांकडून नीट करून घ्या. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यानं ती वाकडी होते. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. हिरड्याही रोज मऊ ओल्या फडक्यानं पुसा. वर्षं जातात तसं जबड्याचं हाड झिजतं आणि कवळी सैल होते. तेव्हा ती पुन्हा बसवून घ्यावी लागते.

आणि मिश्री? दात गेले तरी ती सुटत नाही. तिच्यात तंबाखू आहे. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर लगेच तपासून घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगा, काल सासूबाईंनी, आईनं काय खाल्लं? उत्तर “चहा-चपाती” आलं, तर त्या रात्री पिठलं करा. पिठलं म्हणजे तरी काय? दळलेले चणेच ना! दात गेले असतील, जातं तर आहे.