पेट्रोल खातो तो समोरचा वारा

दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गाड्यांनी ओसंडून वाहतो. निघताना टाकी फुल केलेली असते आणि परतल्यावर घरोघरी तक्रार एकच, गाडी सांगितलेलं अ‍ॅव्हरेज देत नाही. मेकॅनिककडे जाण्याआधी या मंडळींनी आपला उजवा पाय तपासावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शहरात इंधन जातं ते थांबण्या-निघण्यात. मोकळ्या रस्त्यावर ते जातं मुख्यतः वारा कापण्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 120 वर गेलात, तर वेग दीडपट होतो, पण विरोध सव्वादोनपट. समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची परवानगी आहे. त्या वेगाने शंभर किलोमीटरला 50 मिनिटं लागतात, 90 च्या वेगाने 67. ही 17 मिनिटं वाचवण्यासाठी हवेचा पावणेदोनपट विरोध सोसावा लागतो. तेलसंकटानंतर 1974 मध्ये अमेरिकेने देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची मर्यादा घातली, ती तेल वाचवण्यासाठीच. मात्र सावकाश जाणाऱ्याने उजवी लेन अडवू नये. ती ओव्हरटेक करणाऱ्यांची.

दुसरी उधळपट्टी ब्रेकची. बाराशे किलोची गाडी शून्यावरून शंभरच्या वेगाला आणायला सुमारे 50 मिलिलिटर पेट्रोल लागतं, आणि करकचून ब्रेक दाबला की ते सगळं चाकांच्या उष्णतेत जातं. समोरच्या ट्रकचे लाल दिवे दिसले, टोलनाक्याची पाटी आली, की तेव्हाच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर असेल, तरच हे जमतं.

आता घाट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे. माणसं-सामान भरलेली मोटार तिथवर नुसती वर चढवायलाच पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. म्हणून मुंबईहून पुण्याला जातानाचं अ‍ॅव्हरेज नेहमी कमी येतं आणि येतानाचं जास्त. गाडीची खरी परीक्षा जाऊन-येऊन करावी : टाकी काठोकाठ भरायची, परत आल्यावर पुन्हा तशीच भरायची आणि किलोमीटरला त्या लिटरांनी भागायचं.

याच घाटात उतरताना गाडी न्यूट्रलला टाकण्याची खोड अजून गेलेली नाही. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यातून थोडंफार इंधन वाचतही असेल. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा इंधनपुरवठाच बंद होतो; चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. शिवाय इंजिनाचा आवर सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. बोरघाटात अवजड वाहनांचे कितीतरी भीषण अपघात असे झाले आहेत.

बाकीच्या गोष्टी सोप्या. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. ऐंशीच्या पुढे काचा बंद करून एसी लावणंच सहसा परवडतं. सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल वापरावा, घाटात नको. आणि टपावरचं कॅरिअर! गावाहून आल्यावर ते महिनोन्महिने तसंच राहतं. रिकामं असलं तरी वारा अडवतंच. त्यावर बॅगा बांधल्या, तर महामार्गावर अ‍ॅव्हरेज दहा टक्क्यांहूनही अधिक घसरू शकतं.

आपल्या देशात लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. तेव्हा या दिवाळीत गावी निघण्याआधी कॅरिअर उतरवा, बॅगा डिकीत बसवा, आणि घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा.