मागच्या सीटवरचा माणूस

कोल्हापुरातून गगनबावड्याकडे निघालेल्या वडापात, म्हणजे खासगी प्रवासी गाडीत, माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं गाव, पाव्हणं?’ गाव कळलं की भावकी निघते, सोयरीक निघते. मग उसाची बिलं, दुधाचा दर, पोराचं लग्न. बोलणं मुबलक, पण मनात सलणारं कुणी काढत नाही. इथं बोललेला शब्द वडापाच्या आधी घरी पोचतो.

न्यूयॉर्कच्या टॅक्सीत रात्री मागं बसणाऱ्याला ही धास्ती नसते. चालक पुन्हा भेटायचा नसतो. हॅरी आणि जो गँट्झ या भावांनी त्याच भरवशावर ‘टॅक्सीकॅब कन्फेशन्स’ हा माहितीपट केला. एचबीओ वाहिनीवर १९९५ साली तो आला आणि त्याच वर्षी त्याला एमी पुरस्कार मिळाला. टॅक्सीत लिपस्टिकएवढे कॅमेरे दडवलेले असत. मागून दुसऱ्या गाडीत बसून दिग्दर्शक सगळं बघत. चालक खरेखुरे, त्यांचं काम विचारायचं आणि मुख्य म्हणजे ऐकून घ्यायचं. माणसं आपले तुटलेले संसार, व्यसनं, शरीराच्या भुका, मेलेल्या जिवलगांच्या आठवणी सांगत. उतरताना त्यांना कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली जाई. सही दिली तरच चित्रण वापरायचं.

ॲलन फंट यांचा ‘कॅन्डिड कॅमेरा’ हा कार्यक्रम १९४८ पासून दडवलेल्या कॅमेऱ्यानं माणसांची फजिती टिपत होता. आपल्याकडचा ‘एमटीव्ही बकरा’ त्याच वाटेवरचा. गँट्झ बंधूंनी फजिती बाजूला ठेवून माणसाला बोलू दिलं, म्हणून मला त्यांचं काम मोठं वाटतं. तरी एक गोष्ट खुपते. मध्यरात्री, अनेकदा दारूच्या अमलात, मन मोकळं केल्यावर घेतलेली सही म्हणजे पूर्ण संमती नव्हे. पुढं न्यूयॉर्कच्या प्रशासनानं चित्रीकरणाला नकार दिल्यावर ही मंडळी लास वेगासला गेली. माहितीपटाच्या तिथल्या भागांत शरीरसंबंधांच्या गोष्टींचा भर वाढला, ऐकणं कमी झालं.

इराणमध्ये दिग्दर्शक जाफर पनाही यांनी वेगळी वाट काढली. चित्रपट करायला बंदी असताना ते स्वतः तेहरानमध्ये टॅक्सीचालक बनले, गाडीत कॅमेरे लावले आणि प्रवाशांच्या भूमिका ठरवून दिल्या. त्या ‘टॅक्सी’ला २०१५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ पुरस्कार मिळाला. कुणाचं गुपित न चोरताही शहराचं खरं बोलणं पडद्यावर आणता येतं, हे त्यातून दिसलं.

माणसांचं खरं जगणं पडद्यावर आणणं कोल्हापूरला परकं नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा घडवला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये नाडलेल्या शेतकऱ्याचं जिणं पडद्यावर आणलं. आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. रिक्षातलं, वडापातलं बोलणं न विचारता रीलमध्ये जातं. न्यूयॉर्कचा अनोळखी माणूस गर्दीत हरवू शकतो, आपल्याकडच्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जावं लागतं. म्हणून रील करणाऱ्या पोरांना सांगणं एवढंच: चित्रण दाखवा, दुसऱ्या दिवशी शुद्धीत पुन्हा विचारा आणि ‘नको’ म्हटलं तर तिच्यासमोर पुसून टाका.