समुद्र न दाखविणारे समुद्रसंगीत

समुद्रावर संगीत रचावयाचे तर रचनाकाराने समुद्रकाठी बसावे, लाटांचा घोष ऐकावा आणि तो वाद्यांतून उतरवावा, असे आपणांस सहज वाटते. क्लोद दब्यूसी या फ्रेंच संगीतकाराने नेमके उलट केले. ‘ला मेर’, म्हणजे ‘समुद्र’, ही आपली वाद्यवृंदरचना त्याने १९०३ साली आरंभिली, ती समुद्रापासून दूर, बर्गंडीतल्या एका खेड्यात. आंद्रे मेसाजे या मित्रास त्याने कळविले, की आपण मूळचे खलाशी व्हावयाचे. समुद्राच्या आठवणी आपल्यापाशी अगणित आहेत आणि प्रत्यक्ष समुद्रापेक्षा त्याच अधिक मोलाच्या वाटतात.

या रचनेचे तीन भाग आहेत. पहिल्यात पहाटेपासून माध्यान्हापर्यंतचा समुद्र आहे. खर्जातल्या अस्फुट गुंजनाने तो सुरू होतो, मध्ये चेलो वाद्यांचा मोठा समूह चार गटांत विभागून वाजतो आणि अखेरीस पितळी वाद्यांचा लखलखाट होतो. दुसऱ्यात लाटांची क्रीडा आहे. येथे कोणतीही धून फार काळ टिकत नाही. बासरीने टाकलेला स्वरांचा तुकडा दुसरे वाद्य उचलते, आणि शेवटी सारे विरून जाते. तिसऱ्यात वारा व समुद्र यांचा संवाद आहे. त्यात पहिल्या भागातील गंभीर स्वरावली पुन्हा प्रकटते.

अशा संगीतास ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणतात. हा शब्द चित्रकलेतून आला. क्लोद मोने याने १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ल हाव्र बंदरातील सूर्योदयाचे चित्र मांडले. त्याच्या नावातील ‘इम्प्रेशन’ हा शब्द उचलून एका टीकाकाराने त्या चित्रकारांची थट्टा केली आणि थट्टेचेच पुढे नाव झाले. दब्यूसीला मात्र आपल्या संगीतास लावलेली ही चिठ्ठी मुळीच रुचत नसे.

१५ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमध्ये कामीय शव्हियार याच्या संचालनाखाली ही रचना प्रथम सादर झाली. स्वागत थंडच झाले. पिएर लालो या टीकाकाराने तर तक्रार केली, की आपल्याला यात समुद्र ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही. १९०८ साली दब्यूसीने स्वतः संचालन केले, तेव्हा मात्र श्रोत्यांनी ती उचलून धरली.

लालोची अपेक्षाच चुकली होती. मल्हार ऐकताना आपण पागोळ्यांचा आवाज शोधत बसतो काय? समुद्र पाहून आलेल्या माणसाच्या मनात उरते ती त्याची हालचाल, प्रकाशाचे पालटणे आणि काहीशी धास्ती. दब्यूसीने ही उरलेली गोष्ट स्वरांत बांधली. म्हणून ही रचना ऐकताना लाट कोठे आहे हे शोधू नये. एक स्वरपुंज दुसऱ्यात कसा मिसळतो, तेवढ्याकडे कान द्यावा. ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्यालाही मग तो आठवू लागेल.